व्हाइटचॅपल १८८८ : डॉक्टरांच्या साक्षींचा तक्ता, कामाच्या नोंदी

४ जून
आज एकदाचा बसलो. लंडनच्या 'जॅक द रिपर' खुनांमधला खुनी कोण या वाटेला जायचंच नाही हे पहिल्या ओळीत लिहून ठेवतो, कारण एकदा माणूस त्या नावांच्या यादीत शिरला की प्रत्येक पुरावा त्या नावाकडे वाकवायला लागतो, हे मी इतरांचं बघितलंय आणि स्वतःचंही. मला फक्त डॉक्टरांच्या साक्षी घ्यायच्यात. पाच बायका: मेरी अॅन निकोल्स (४३), अॅनी चॅपमन (४७), एलिझाबेथ स्ट्राइड (४४), कॅथरीन एडोज (४६), मेरी जेन केली (साधारण २५). ३१ ऑगस्ट ते ९ नोव्हेंबर १८८८, सगळं मिळून दहा आठवडे.

एक्सेलमध्ये चार कॉलम केलेत. डॉक्टर किती वाजता पोचला. हाताला आणि डोळ्याला काय लागलं. त्यावरून तो काय म्हणाला. आणि चौथा, ज्याला मी 'दुसरं घड्याळ' म्हणतोय, म्हणजे बीटवरचा पोलीस, शेजारी, रस्त्यावरून जाणारी माणसं, ज्यांच्यामुळे डॉक्टरचं म्हणणं बाहेरून तपासता येतं.

दुसरा आणि तिसरा कॉलम वेगळा ठेवणं हाच या सगळ्या कामाचा जीव आहे. 'शरीर गार होतं' हे बघणं झालं, 'दोन तासांपूर्वी मेली' हा अंदाज झाला, आणि आपल्याकडे मराठीत या केसवर जे काही वाचायला मिळतं त्यात दोन्ही एकाच वाक्यात मिसळून येतं.

६ जून
मूळ कागद कुठले आहेत ते आधी नोंदवून ठेवतो. कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी, विन बॅक्स्टरने निकोल्स, चॅपमन आणि स्ट्राइड यांच्या चौकशा घेतल्या पण त्यांचे मूळ कागद उरलेले नाहीत, आपल्याला जे मिळतं ते त्या वेळच्या पेपरांच्या बातमीदारांनी लिहून घेतलेलं. एडोज आणि केलीच्या चौकशीचे कागद मात्र आहेत. म्हणजे चॅपमनबद्दल डॉक्टरचा शब्दन् शब्द वेगवेगळ्या पेपरात थोडा वेगवेगळा येणार, त्यामुळे तिच्या ओळीत एकाच पेपरवर भरवसा ठेवायचा नाही, किमान दोन जुळले तरच दुसऱ्या कॉलममध्ये टाकायचं.

लोकांना कॉरोनर म्हटलं की परका प्रकार वाटतो, पण मुंबईत इंग्रजांनी हीच पद्धत आणली होती आणि ती १९९९ पर्यंत चालली. बाकी महाराष्ट्रात पोलीस पंचनामा करतात. तिकडे ज्युरी बसवून उघड कोर्टात साक्ष व्हायची, पेपरवाले समोर बसलेले असायचे, म्हणूनच आज आपल्याला इतकं वाचायला मिळतं.

९ जून
निकोल्सची ओळ पूर्ण झाली.

बक्स रो ही गल्ली, ३१ ऑगस्टची पहाट. पोलीस कॉन्स्टेबल नील ३:१५ ला तिथून गेला तेव्हा काही नव्हतं. ३:४० च्या सुमाराला कामावर निघालेल्या दोन गाडीवानांना ती दिसली, त्यांनी हात लावून बघितले तर हात गार, आणि त्यातल्या एकाला तर छाती किंचित हलल्यासारखी वाटली. नीलने दंड धरून बघितला, कोपराच्या वर ऊब होती. डॉ. लुएलिन चारच्या सुमाराला आले, त्यांनाही हात-मनगटं गार आणि धड-पाय उबदार लागले, म्हणाले अर्ध्या तासापेक्षा जास्त झालेला नाही. दुसऱ्या घड्याळाशी बरोब्बर जुळतं.

पण याच ओळीत एक गोष्ट आहे जी वाचून मला आजही राग येतो. लुएलिन यांनी जागेवर कंदिलाच्या उजेडात फक्त गळा बघितला आणि शरीर शवागारात हलवायला सांगितलं. पोटावरच्या जखमा तिथे गेल्यावर दिसल्या, त्याही डॉक्टरला नाही, कपड्यांची नोंद करणाऱ्या इन्स्पेक्टर स्प्रॅटलिंगला. आणि त्यानंतर वर्कहाऊसमधल्या, म्हणजे गरीबखान्यातल्या, दोन माणसांनी तिचे कपडे काढून तिला धुवून ठेवलं. कपड्यांवरचं रक्त कुठून कुठे ओघळलं, कपडे जखमेच्या वर होते की खाली, हे सगळं त्या पाण्याबरोबर गेलं. त्या माणसांना दोष देऊन उपयोग नाही, त्यांना मयत आली की धुवायची एवढंच शिकवलेलं होतं.

लुएलिन आधी म्हणाले की मारणारा डावखुरा असावा. नंतर त्यांना स्वतःलाच शंका वाटायला लागली. हे तिसऱ्या कॉलममध्ये लाल रंगात टाकलंय, कारण कोणत्या हाताने कापलं हे सांगायला आधी मारणारा कुठे उभा होता ते माहीत पाहिजे, समोरून की मागून की ती जमिनीवर पडलेली असताना डोक्याच्या बाजूने. जागा बदलली की हात बदलतो. डावखुऱ्याची गोष्ट मात्र आजही फिरते आहे.

१० जून
मार्था टेब्रम, ७ ऑगस्ट, मी पाचात धरत नाही पण ओळ ठेवलीय. ३९ वार. डॉ. किलीन म्हणाले दोन हत्यारं असावीत, बहुतेक वार साध्या चाकूचे आणि छातीच्या हाडातून गेलेला एक वार खंजिरासारख्या जाड कशाचा तरी. पुढे जाऊ.

१४ जून
आज वहिनींकडे गेलो होतो. त्या फॉरेन्सिक मेडिसिन शिकवतात, पीएम (शवविच्छेदन) करण्यात आयुष्य गेलंय. मी तक्ता दाखवला, तर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "भाऊजी, थर्मामीटर कुठंय?"

कुठेच नाही. पाचही बायकांमध्ये एकाही डॉक्टरने जागेवर तापमान मोजल्याची नोंद नाही, सगळं हाताच्या स्पर्शाने. आणि असं नाही की त्या काळात माहिती नव्हती. टेलर आणि विल्क्स या लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी १८६३ मध्येच मृत्यूनंतर शरीर कसं गार होतं यावर निरीक्षणं छापली होती, ग्लासगोच्या रेनीने १८६८ मध्ये त्याचं गणित मांडायचा प्रयत्न केला, आणि ऑलबटचा खिशात मावेल असा सहा इंची थर्मामीटर १८६७ च्या सुमाराला आलेला होता. म्हणजे वीस वर्षं झाली होती, पण पहाटे रस्त्यावर बोलावलेल्या पोलीस सर्जनने तो वापरायचा अशी पद्धतच पडलेली नव्हती.

वहिनी म्हणाल्या की हाताला जी लागते ती कातडी, आणि कातडी हवेशी बोलते, आतलं शरीर वेगळंच बोलत असतं. आत पहिला काही वेळ तर तापमान जवळजवळ उतरतच नाही. आज गुदद्वाराचं तापमान, हवेचं तापमान, वजन, कपडे सगळं धरून हेन्सगेची जी पद्धत वापरतात तीसुद्धा उत्तमातल्या उत्तम परिस्थितीत आधी-नंतर २.८ तास एवढा पल्ला देते, तोही ९५ टक्के खात्रीने. हे ऐकल्यावर मी तक्ता मिटला आणि चहा झाल्यावर परत उघडला, कारण १८८८ मध्ये हाताने बघून सांगितलेल्या अर्ध्या तासाच्या फरकावर आजही लोक खटले चालवतात.

१७ जून
स्ट्राइड आणि एडोज एकत्र घेतल्या, दोघी ३० सप्टेंबरच्या एकाच रात्री, पाऊण तासाच्या अंतराने सापडल्या.

स्ट्राइड बर्नर स्ट्रीटच्या आवारात एक वाजता सापडली. डॉ. ब्लॅकवेल १:१६ ला पोचले, घड्याळ बघून. मान-छाती चांगली उबदार, पायही उबदार, चेहरा कोमट, हात गार. म्हणाले वीस मिनिटं ते अर्धा तास.

इथे थांबलो थोडा वेळ. आप्पा गेले तेव्हा मी त्यांचा हात धरूनच बसलो होतो, आणि डॉक्टर येईपर्यंतच्या अर्ध्या-पाऊण तासात बोटं इतकी गार पडली की मला वाटलं कितीतरी वेळ झालाय, पण आईने छातीवर हात ठेवला तर छाती नेहमीसारखी गरम होती. आई मानायलाच तयार नव्हती. त्यामुळे ब्लॅकवेलची ती ओळ, हात गार आणि छाती उबदार, मला वाचून समजावून घ्यावी लागली नाही.

एडोजचं दुसरं घड्याळ तर सगळ्यात चोख आहे. रात्री एक वाजता बिशप्सगेट पोलीस स्टेशनातून ती सुटली. वॉटकिन्स नावाचा कॉन्स्टेबल १:३० ला मायटर स्क्वेअरमधून गेला, काही नव्हतं. १:३५ च्या सुमाराला लवेंडे आणि त्याच्या सोबत्यांना चौकाच्या तोंडाशी एक बाई आणि पुरुष दिसले. १:४४-४५ ला वॉटकिन्स परत आला तर ती पडलेली. डॉ. गॉर्डन ब्राउन २:१८ च्या सुमाराला आले, शरीर चांगलंच उबदार, मृत्यूनंतर येणारी ताठरता अजिबात नाही, म्हणाले तीस-चाळीस मिनिटं. बरोबर. हे सगळं करायला किती वेळ लागला असेल तर म्हणाले किमान पाच मिनिटं. तेही बीटमध्ये बसतं.

म्हणजे तीन केसमध्ये, निकोल्स, स्ट्राइड, एडोज, डॉक्टरांचा हात घड्याळाशी जुळला. पण तिन्हींमध्ये डॉक्टर तासाच्या आत पोचले होते. गरम आहे म्हणजे आत्ताच गेली, हे सांगायला हात पुरतो. गार आहे म्हणजे किती वेळ झाला, हे सांगायला पुरत नाही. शेवटचं वाक्य तक्त्याच्या वर ठळक करून ठेवलं.

२१ जून
चॅपमन. तीन दिवस यातच गेले आणि अजून जाणार.

२९ हॅनबरी स्ट्रीटचं मागचं अंगण, ८ सप्टेंबर. सकाळी सहाच्या जरा आधी तिथल्या भाडेकरूला ती दिसली. पोलीस सर्जन जॉर्ज बॅगस्टर फिलिप्स ६:३० ला आले. शरीर गार, फक्त आतड्यांच्या खाली थोडी ऊब उरलेली. ताठरता फारशी नाही पण सुरू झालेली. म्हणाले किमान दोन तास, बहुधा जास्तच. म्हणजे ४:३० किंवा त्याआधी.

आता दुसरं घड्याळ. जॉन रिचर्डसन, त्या घरातल्या बाईचा मुलगा, ४:४५ च्या सुमाराला अंगणाच्या पायरीवर बसून त्याने बुटाचं टोचणारं चामडं चाकूने कापलं आणि त्याला कोणी दिसलं नाही. शेजारच्या घरातला अल्बर्ट कॅडॉश ५:२० च्या पुढेमागे अंगणात आला, कुंपणापलीकडून 'नाही' असा शब्द ऐकला आणि थोड्या वेळाने कुंपणावर काहीतरी आदळल्याचा आवाज. एलिझाबेथ लाँग बाजाराकडे निघालेली, दारूभट्टीच्या घड्याळाने साडेपाचचे ठोके दिले तेव्हा तिने घरासमोर एक बाई आणि पुरुष बोलताना बघितले आणि नंतर शवागारात ती बाई हीच म्हणून ओळखलं.

डॉक्टर म्हणतो साडेचारच्या आधी. तीन माणसं, एकमेकांना न विचारता, म्हणतात पावणेपाचच्या नंतर.

कॉरोनर बॅक्स्टरने साक्षीदारांचं धरलं, आणि धरताना फिलिप्स यांच्याच साक्षीतल्या एका वाक्याचा आधार घेतला. ते वाक्य मी आज तक्त्यात वेगळ्या ओळीत टाकलं: सकाळ बऱ्यापैकी गार होती आणि इतकं रक्त गेल्यामुळे शरीर लवकर गार पडलं असण्याची शक्यता आहे. डॉक्टरने स्वतःच दार उघडं ठेवलं होतं. नंतर लिहिणाऱ्यांनी 'किमान दोन तास' एवढंच उचललं.

२२ जून
मला साक्षीदारांच्या बाजूने लिहायचंय हे माझ्या लक्षात आलं, म्हणून आज मुद्दाम उलट्या बाजूने बसलो.

एक, एडोजचं पोटही तसंच उघडलेलं होतं, रक्तही गेलं होतं, रात्र होती, तरी ३०-४५ मिनिटांनी ती चांगलीच उबदार होती. चॅपमन ५:२५-५:३० ला गेली असेल तर फिलिप्स यांनी तासाभराने हात लावला. पाऊण तासात उबदार आणि तासात गार? हा प्रश्न टाळता येत नाही. अर्थात हात वेगळा, डॉक्टर वेगळा, 'गार' म्हणजे किती हे दोघांचं वेगळं, शिवाय एडोजच्या अंगावर कपड्यांचे कितीतरी थर होते. पण प्रश्न राहतोच.

दोन, तासाभरात ताठरता सुरू होणं जरा लवकर आहे. वहिनींना फोन केला, म्हणाल्या साधारण जबड्यापासून दोन-चार तासांत सुरू होते, पण मरायच्या आधी झटापट झाली असेल, श्वास कोंडला असेल तर लवकर येऊ शकते, "आणि भाऊजी, गार पडलेला हात वाकवताना जो अडतो त्याला पण लोक ताठरता म्हणतात." चॅपमनचा चेहरा सुजलेला आणि जीभ दातांमधून पुढे आलेली होती, फिलिप्स यांचंच मत होतं की आधी श्वास कोंडला.

तीन, रिचर्डसनची साक्ष. इन्स्पेक्टर चँडलर म्हणाला की त्या सकाळी तो पायरीवर बसल्याचं बोललाच नव्हता, फक्त तळघर ठीक आहे ना ते बघायला आल्याचं सांगितलं. चार, लाँग आणि कॅडॉश यांच्या वेळा उलट्या लागतात, तिने बाईला जिवंत बघितलं त्याच्या आधीच त्याने आवाज ऐकलेला. पाच-दहा मिनिटं कुणाचं तरी चुकतंय.

पोटातलं अन्न. पावणेदोनच्या सुमाराला डॉर्सेट स्ट्रीटच्या लॉजमध्ये ती बटाटा खात होती, पोटात थोडं अन्न सापडलं. यावरूनही लोक वेळ काढतात. पण तिने त्यानंतर काही खाल्लं की नाही हे कुणी बघितलेलं नाही, आणि फिलिप्स यांनी लिहून ठेवलंय की तिच्या फुप्फुसांना आणि मेंदूच्या आवरणांना जुना आजार होता आणि खाण्यापिण्याचे हाल झाल्याची लक्षणं होती. रात्रीच्या पलंगाचे पैसे नव्हते म्हणून लॉजबाहेर काढलेली आजारी बाई. तिच्या पोटाला घड्याळ समजायचं नाही, ती सेल रिकामी ठेवली.

२६ जून
फिलिप्स यांच्याबद्दल थोडं, कारण त्यांना खलनायक करून लिहिलेलं वाचतो तेव्हा वाईट वाटतं. १३ सप्टेंबरला त्यांनी साक्षीत पोटाच्या जखमांचा तपशील द्यायचं टाळलं, म्हणाले मृत्यूचं कारण सांगायला गळ्याची जखम पुरेशी आहे. १९ तारखेला बॅक्स्टरने परत बोलावून बोलायला लावलं, बायका आणि पोरं यांना कोर्टाबाहेर काढून. तो तपशील पेपरांनी छापला नाही, 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. आणि शवागार? चॅपमनलाही त्यांच्या पीएमच्या आधी दोन नर्सनी कपडे काढून धुतलं होतं. निकोल्सनंतर आठवडाभराने, त्याच भागात, तीच चूक. फिलिप्स यांनी भर कोर्टात तक्रार केली की शेडसारख्या या जागेत असलं काम करायला लावणं योग्य नाही. त्या एका तक्रारीसाठी मला हा माणूस आवडतो.

३० जून
शरीररचनेचं ज्ञान होतं की नव्हतं. हा विषय म्हणजे मतमोजणी झालीय, अमुक डॉक्टर हो म्हणाले, तमुक नाही म्हणाले, बहुमत कुणाचं. असं चालत नाही. प्रत्येकाने बघितलेलं शरीर वेगळं होतं आणि विचारलेला प्रश्नही.

फिलिप्स यांनी चॅपमन बघितली, गर्भाशय काढून नेलेलं, म्हणाले ज्ञान दिसतं, आणि मला स्वतःला हे पंधरा मिनिटांच्या आत जमलं नसतं. ब्राउन यांनी एडोज बघितली, डावं मूत्रपिंड काढलेलं. मूत्रपिंड पोटाच्या पोकळीच्या मागे, आवरणाखाली, चरबीत दडलेलं असतं, समोरून शोधायचं तर ते तिथे आहे हे माहीत पाहिजे, ब्राउन यांचा मुद्दा एवढाच होता, जागा माहीत होती. त्याच शरीराबद्दल डॉ. सेक्वेरा म्हणाले फार कौशल्य नाही, डॉ. साँडर्सही तेच म्हणाले. कौशल्य आणि माहिती या दोन गोष्टी आहेत, बकरं कापणाऱ्यालाही मूत्रपिंड कुठे असतं ते माहीत असतं.

डॉ. थॉमस बाँड म्हणाले, खाटकाएवढंही ज्ञान नाही. पण बाँड यांनी पाचांपैकी फक्त केलीला स्वतः बघितलं, बाकी चौघींच्या नोंदी वाचून १० नोव्हेंबरला स्कॉटलंड यार्डचा वरिष्ठ पोलीस अधिकारी अँडरसनला अहवाल पाठवला. ज्या खोलीत खुन्याला घाई नव्हती आणि अवयव शरीराभोवती ठेवलेले होते त्या एका शरीरावरून बनलेली नजर चौघींवर लावलेली आहे. तक्त्यात पाचवा कॉलम वाढवला: 'स्वतः बघितलं का'.

२ जुलै
मूत्रपिंडाचा विषय निघालाच तर व्हाइटचॅपलच्या नागरिक दक्षता समितीचा प्रमुख जॉर्ज लस्कला १६ ऑक्टोबरला डब्यातून आलेला तुकडा. लंडन हॉस्पिटलच्या डॉ. ओपनशॉ यांनी बघितला, माणसाचं अर्धं मूत्रपिंड, स्पिरिटमध्ये ठेवलेलं. पेपरांनी लगेच छापलं की दारू पिणाऱ्या बाईचं, पंचेचाळिशीचं, आणि ओपनशॉ यांना पुढे येऊन सांगावं लागलं की असलं काही मी म्हटलेलं नाही. दारू पिण्याने मूत्रपिंडावर असा काही शिक्का बसत नाही. दुसऱ्या कॉलममध्ये 'माणसाचं, अर्धं, स्पिरिटमधलं'. तिसरा रिकामा.

७ जुलै
केली. मिलर्स कोर्ट, १३ नंबरची खोली, ९ नोव्हेंबर. १०:४५ ला भाडं मागायला आलेल्या माणसाला खिडकीतून दिसली, दार दुपारी १:३० ला फोडलं, बाँड दोन वाजता आले. त्यांच्या पीएमच्या नोंदी कितीतरी वर्षं गायब होत्या आणि १९८७ मध्ये कुणीतरी नाव न लिहिता स्कॉटलंड यार्डला पोस्टाने परत पाठवल्या.

बाँड यांचं गणित उलगडून लिहितो. दोन वाजता ताठरता आलेली होती आणि तपासता तपासता वाढत होती. ते म्हणतात ताठरता यायला ६ ते १२ तास लागतात, त्यामुळे नक्की सांगणं अवघड. शरीर बऱ्यापैकी गार. पोटात नुकत्याच खाल्लेल्या जेवणाचे अवशेष. म्हणून बारा तास झाले असावेत, आणि अन्न बघता जेवणानंतर तीन-चार तासांनी मृत्यू. म्हणजे रात्री एक-दोन.

६ ते १२ मधून १२ का निवडले? गार होतं म्हणून. पण शरीर इतकं उघडलेलं, खिडकीची काच फुटलेली, आणि चुलीत मोठी आग होऊन गेलेली, त्यामुळे खोली रात्रभरात किती तापली आणि कधी निवली हे कुणालाच मोजता येणार नाही. आणि जेवणानंतर तीन-चार तास, ठीक आहे, पण ती जेवली कधी? मासे-बटाटे सापडले, कुणी खाताना बघितलं नाही. सुरुवातीची वेळच नसेल तर त्यात तीन तास मिळवून काय मिळणार. ताठरता अजून वाढत होती हे बघितलेलं मात्र पक्कं आहे, आणि माझ्या मते ते रात्री एकपेक्षा उशिराकडे झुकतं. चारच्या सुमाराला 'खून' अशी ओरड दोन बायकांनी वेगवेगळ्या ठिकाणाहून ऐकली होती. कॅरोलाइन मॅक्सवेल तर म्हणते सकाळी साडेआठला मी तिच्याशी बोलले, ते मला धरवत नाही, पण ओळ ठेवलीय.

चौकशी एका दिवसात गुंडाळली, १२ नोव्हेंबरला. कॉरोनर मॅकडॉनल्ड, बॅक्स्टर नव्हे. फिलिप्स यांना वेळेबद्दल नीट विचारलंच नाही. बॅक्स्टर असता तर पाच-सहा दिवस चालली असती आणि आज माझ्या तक्त्यात दहा सेल जास्त भरल्या असत्या.

१० जुलै
रोझ मायलेट, २० डिसेंबर १८८८, पॉप्लर. गळ्यावर दोरीची खूण, ब्राउनफील्डसकट कितीतरी डॉक्टर म्हणाले गळा आवळला. पोलिसांना आणखी एक न उलगडलेला खून नको होता. बाँड यांनी नंतर शरीर बघितलं, आधी खून म्हणाले, मग परत बघून नैसर्गिक म्हणाले. ज्युरीने खून म्हणूनच निकाल दिला. डॉक्टरचं मत बदलू शकतं, बदलावंही, पण ते का बदललं याचा कॉलम करायला हवा होता आणि तो करायला माझ्याकडे माहिती एकाच बाजूची आहे. बाजूला ठेवली.

१५ जुलै
वहिनी रविवारी घरी आल्या होत्या, पूर्ण तक्ता बघितला. चॅपमनच्या ओळीत मी 'अंदाजे ५:२५' लिहिलं होतं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "हे तुम्ही साक्षीदारांवरून लिहिलंत, शरीरावरून नाही. मग शरीराच्या कॉलममध्ये कशाला?"

बरोबर आहे. ५:२५ चौथ्या कॉलममध्ये हलवलं, माझं मत म्हणून, कारण मला अजूनही तेच वाटतं. शरीराच्या कॉलममध्ये आता असं आहे: 'जिवंत शेवटचं नक्की दिसली पावणेदोनच्या सुमाराला, डॉक्टरचा हात लागला ६:३० ला, त्या हाताने या पावणेपाच तासांमधला शेवटचा तास खोडता येत नाही.' सेल फार मोठी झालीय, प्रिंट काढताना कापली जातेय. उद्या रुंदी वाढवतो, आणि अॅलिस मॅकेन्झीची, १७ जुलै १८८९ ची ओळ सुरू करतो, तिचं शरीर फिलिप्स आणि बाँड दोघांनीही बघितलं होतं आणि दोघांचं जुळलं नाही.